उंबऱ्यातला चुडा

"चाय हाय का भांडी विसललेलं पानी?" गोदूआत्या भामाच्या कानाला लागून पुटपुटली. पुटपुटली हे तिच्या हिशोबानं. तिला स्वतःला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तिची कुजबुज मांडवाच्या पार त्या टोकाला, चुलाण्यापर्यंत जायची. "आनि ही खुर्ची. पाय टेकत नायत माजे. धवलारीन हाय मी, का वालत टांगलेली वाकटी मासली?"

भामानं तिच्या पायाखाली पाट सरकवला, कपात आणखी साखर घातली, आणि ढवळता ढवळता तिची नजर पुन्हा जिन्याकडे गेली. सकाळपासून हेच चाललं होतं. हात कामाला, डोळे जिन्याला. फुलवाला आला, डोळे जिन्याला. मंडपवाल्यानं खुर्च्या कमी आणल्या म्हणून भांडली, तेही जिन्याकडे बघतच.

बेलपाड्यातल्या त्या घराचा जिना बाहेरून होता. खाली घरचे राहायचे, मध्ये भाडेकरू, आणि सगळ्यात वर गच्चीला लागून एक खोली. त्या खोलीत भामाचा मुलगा प्रितम होता, आणि तो तिथे नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

आज प्राचीची हळद. प्राची म्हणजे भामाची धाकटी. संध्याकाळी डीजे, मटण, उठणाऱ्या-बसणाऱ्या पंगती. पण त्याआधी, ऊन चढायच्या आत चुडा भरायचा होता. आणि चुडा घेऊन जुलेखा येणार होती.

जुलेखा पनवेलच्या मोहल्ल्यातली मणेरीण, बांगड्या भरणारी. तिच्या सासूनं भामाचा चुडा भरला होता आणि सासूच्या सासूनं गोदूआत्याचा. रीत अशी, की मणेरणीनं टोपली घेऊन उंबऱ्याबाहेर थांबायचं. धवलारणीनं, म्हणजे लग्नाचे धवले गाणाऱ्या बाईनं, गाण्यात विचारायचं, हिरवा चुडा आला, कोण भाऊ घेतो? मग नवरीच्या सख्ख्या भावानं पुढे होऊन ती टोपली मणेरणीच्या हातातून आपल्या हातात घ्यायची. उद्या सासरी बहिणीच्या बांगडीला कुणी वाकडा हात लावला, तर जाब विचारायला हा येणार, असा त्याचा अर्थ. लग्न भटजी लावतो हे खरं, पण गोदूआत्यानं धवला गायल्याशिवाय ते लागलं असं गावातली एकही बाई मानत नाही. भामासुद्धा धवले गाते, आत्याच्याच हाताखाली शिकली. पण पोटच्या पोरीच्या लग्नात आईनं गायचं नसतं. आईनं नुसतं राबायचं आणि रडायचं.

"जुलेखा कवा येनार?" आत्यानं विचारलं.

"येल."

"टोपली कोन घेनार?"

भामा उठली. "मी जरा गॅस बगून येते."

चुलाण्यापाशी गॅस ठणठणीत होता. तिथेही तिला उभं राहवेना.

दोन वर्षांपूर्वी पळस्पे फाट्यावर जुलेखाचं दुकान जळालं. कुठल्या मुलखातला, कुठल्या सालातला देव जाणे, कसलासा व्हिडिओ मोबाईलवर फिरला, आणि तोंडाला फडकी बांधून आलेल्या पोरांनी ओळीतली दुकानं पेटवली. एक पंक्चरवाल्याचं, एक बेकरीवाल्याचं, एक जुलेखाचं. मागच्या फळीवर तिचा नवरा झोपला होता. त्याला ओढून काढला, पण धूर छातीत बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी भामा धावत गेली होती. बांगड्या एकमेकींत वितळून हिरव्या काचेचा गोळाच झाला होता, गुळाच्या ढेपेसारखा. जुलेखाच्या शेजारी राखेत बसून भामानं, ज्या कुणी हे केलं त्याच्या आईचा उद्धार केला. तोंडाला आलं ते सगळं बोलली. मच्छी बाजारात बसून सोसायटीवाल्यांची कोळंबी सोलून देणाऱ्या बाईला शब्दांचा काय तोटा. चार-पाच दिवसांनी पोलीस आले, ते तिच्याच दारात, प्रितमला न्यायला.

मग वकील आला. तो म्हणाला, मुलगा तिथे नव्हताच. नेऱ्याला मामाकडे होता. घरातसुद्धा दुसरं काही बोलायचं नाही, भिंतींना कान असतात. घरातून एक शब्द बाहेर गेला, तर पोरगा कैक वर्षं आत जाईल.

घरानं ते इतकं मनावर घेतलं की बोलायची सोय नाही. भामाचा नवरा महादेव तर पुढे पुढे सांगायला लागला, की त्या रात्री नेऱ्याला गावठी कोंबडी केली होती आणि प्रितमनं तीनदा रस्सा मागून घेतला. सांगता सांगता त्याला तो रस्सा खरा वाटायला लागला. 'ते प्रकरण' एवढंच म्हणायचं. पाहुण्यांत विषय निघालाच, तर कुणीतरी पटकन विमानतळाचा विषय काढायचं.

जेलच्या मुलाखतीला भामा एकटी जायची. काचेपलीकडे प्रितम, दोघांच्या कानाला फोन. सुरुवातीला पोरगा भेदरलेला असायचा, नखं कुरतडलेली. एकदा त्यानं विचारलं होतं, "आई, जुलेखामावशीचे ते... कसे आहेत आता?"

भामानं मागे उभ्या शिपायाकडे पाहिलं, तिला वकील आठवला, आणि ती म्हणाली, "तुला काय करायचंय? तू नव्हतासच तिथं."

प्रितमनं फोन कानापासून काढून त्याच्याकडे पाहिलं, जणू त्यातच काही बिघाड असावा. मग परत कानाला लावून विचारलं, "बाजारात पापलेट काय भाव चाललंय?"

त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. पुढे त्याचं बोलणंच बदललं. दुकानं जाळणारी पोरं ज्या संघटनेची, तिचाच एक मोठा माणूस बराकीत होता. त्यानं प्रितमला झोपायला बरी जागा दिली, मारामारीतून वाचवलं, आणि रोज संध्याकाळी बसवून शिकवलं. आपले कोण, ते कोण, आणि बदला कशाला म्हणतात. काचेपलीकडचा पोरगा हळूहळू भाषण द्यायला लागला. नखं मात्र तशीच कुरतडलेली.

जेलच्या फाटकाबाहेर, जिथे नातेवाईक पिशव्या घेऊन बसतात, तिथे एकदा नीता मॅडम भेटल्या. आतल्या पोरांना गोलात बसवून बोलतं करणारी कुठलीशी संस्था होती, तिच्या त्या. "प्रितम यायचा आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "एकदा तोंड उघडायच्या बेतात होता. मग यायचाच बंद झाला. घरी काही झालं का?"

"काय नाय वो."

"आम्ही उपदेश नाही करत. उपदेश करणारे आत पुष्कळ आहेत, आणि त्यांना चोवीस तास मिळतात. आम्ही फक्त बोलायला जागा ठेवतो. पण ताई, तो बाहेर आल्यावर ती जागा कुठे असेल?"

भामाला तेव्हा वाटलं होतं, मॅडम खोलीबद्दलच विचारतायत. ती म्हणाली होती, "गच्चीवर हाय ना. हवेशीर हाय."

पोरगा जामिनावर सुटून आला आणि त्या हवेशीर खोलीत राहायला लागला. अट एकच होती, साक्षीदारांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. जुलेखा साक्षीदार होती. अंधार होता, तोंडं बांधली होती, एवढंच तिनं पोलिसांना सांगितलं होतं.

म्हणून महादेव म्हणाला होता, चुडा मॉलमधून आणा. पण प्राची हटून बसली. "जुलेखामावशीच्या हातचा नसेल तर मी बांगडीच भरणार नाही. प्लास्टिकची घड्याळं घालून उभी राहीन." तेव्हा भामा हळदीचे तांदूळ घेऊन मोहल्ल्यात आवतण द्यायला गेली. जुलेखानं तांदूळ पदरात घेतले. नवरा आत खोकत होता. तिनं एवढंच विचारलं, "टोपली उंबऱ्यात कोन घेनार, भामावैनी?"

"भाऊ घेईल की," भामा म्हणाली होती, आणि नाव न सांगताच उठली होती.

"काकी! घामाघूम झालात पार!" संघटनेचं गावातलं काम बघणारा दीपेश मांडवात शिरला. मागे दोन पोरं, एकाच्या हातात शाल, दुसऱ्याच्या हातात लांबोडकं, कापडात गुंडाळलेलं काहीतरी. दीपेश वाईट बोलणारा माणूस नव्हता, तीच तर पंचाईत होती. पाण्याचा टँकर त्यानंच पाठवला होता. गावात कुणाला रक्त लागलं, कुणाचं दाखल्याचं काम अडलं, की दीपेश हजर. प्रितमला वकीलही त्यानंच गाठून दिला होता.

"संध्याकाळी डीजे फक्त पाच मिनिटं थांबवायचा, काकी. प्रितमचा सत्कार. फेटा, शाल, तलवार. आपला वाघ आत राहून आलाय, गावाला कळायला नको?"

"वकील बोलले होते..."

"नाव कशाला घेतोय मी कशाचं? सगळ्यांना समजतं." त्यानं डोळा मिचकावला. "आणि लग्न झालं की रविवारी शिबिराला घेऊन जातो त्याला. नवीन पोरं येतात, त्यांना असा माणूस समोर बघायला पायजे. इथे गच्चीवर बसून काय करणार तो?"

"पोराचं मन तरी लागंल," महादेव मागून म्हणाला. टँकरवाल्याला नाही कसं म्हणायचं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

भामानं ताटात पोहे वाढून घेतले आणि जिना चढली.

प्रितम गच्चीच्या कठड्याशी उभा होता. समोर बेलपाड्याला चारी बाजूंनी घेरून बसलेल्या इमारती, वरून घरघरत जाणारं विमान. पलंगावर नवा कुर्ता, घडी न मोडलेला.

"खा."

"ती येणारे?"

"हां."

"तिला काय सांगणार?"

"तू बाहेर गेलायस. पुन्याला, कामाला."

"टोपली?"

"केतन घेईल." केतन हा चुलत भाऊ. बिचारा कुठंही उभा करा, उभा राहायचा.

प्रितम हसला. बरं नव्हतं ते हसणं. "मस्तय. सकाळी तुम्ही सांगणार मी नव्हतो. संध्याकाळी दीपेशदादा सांगणार मीच होतो, आणि वर तलवार देणार. आई, मी कुठे होतो ते एकदा बसून ठरवा ना सगळ्यांनी. मला पण सांगा."

"हळू बोल."

"हळूच बोलतोय. दोन वर्षं हळूच बोलतोय." त्यानं नख दातात धरलं. "रविवारी मी जाणार दादाबरोबर. तिथे निदान कोणी म्हणत नाही की मी नव्हतो."

"तू तिथं जाऊन काय सांगशील त्या पोरांना?"

तो पोह्यांकडे बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "मागे फळीवर माणूस होता ते मला माहीत नव्हतं. हे तिथे सांगून चालत नाही. इथे पण चालत नाही."

भामानं ताट कठड्यावर ठेवलं. तिला म्हणायचं होतं, सांग ना, मला सांग. ओठापर्यंत आलंही. पण खालून कुणीतरी ओरडलं, "आली गो मनेरीन!" आणि भामा, जन्माची सवय, कामाचं नाव काढताच पायऱ्या उतरायला लागली. निम्म्या जिन्यात तिला कळलं, की काचेपलीकडचा तो फोन आज आपण पुन्हा ठेवून दिला.

जुलेखा उंबऱ्याबाहेर उभी होती. काळा बुरखा, वर केलेला नकाब, डोईवर टोपली. टोपलीवर हिरवं फडकं. दोन वर्षांत बाई वाळली होती. पण उभी राहिली होती ती सासूसारखीच, ताठ. बायका गोळा झाल्या. प्राची पाटावर बसली, हात पुढे करून. दीपेश पोरांना घेऊन खुर्चीत मागे रेलला. जुलेखा आली म्हणून हळदीच्या घरातून उठून जाणं बरं दिसत नाही, एवढी रीत त्यालाही होती.

गोदूआत्यानं कप खाली ठेवला, खाकरली, आणि त्या वाळक्या वाकटीतून आवाज निघाला तो सगळ्या मांडवावर पसरला.

"हिरवा चुडा आला गो उंबऱ्याशी,
कोन भाव घेतो गो हाताशी..."

केतन पुढे झाला. नवा शर्ट, घाबरलेला. त्यानं हात पुढे केले.

जुलेखानं टोपली डोईवरून उतरवली, छातीशी धरली, आणि दिली नाही.

"तू काकाचा ना रे?" ती म्हणाली. "सख्खा भाव कुठाय?"

"तो पुन्याला हाय," महादेव घाईनं म्हणाला. "कामाला लागलाय. सुट्टी नाय मिलाली."

"भैनीच्या लग्नाला?"

"नवीन नोकरी हाय ना. कडक हाय जरा कंपनी." महादेवाला कोंबडीच्या रश्श्यासारखी आता ही कंपनीसुद्धा दिसायला लागली असावी. "घे रे केतन, घे टोपली. उन्हं चढली."

जुलेखानं टोपली घट्ट धरली. आवाज चढवला नाही. "घेऊ दे की. पन माजी सास सांगायची, चुडा सख्ख्याच्या हातात दे, नायतर परत आन. मी थांबते. मला घाई नाय."

गोदूआत्याला यातलं काही ऐकू गेलं नाही. प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, एवढंच तिला कळलं. धवल्यात उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. म्हणून तिनं आपली तीच ओळ पुन्हा धरली.

"कोन भाव घेतो गो हाताशी..."

कुणीतरी म्हणालं, विमानांचा काय आवाज होतो आताशा, नाय? प्राचीनं पुढे केलेले हात तसेच होते, रिकामे. तिनं आईकडे पाहिलं.

भामानं जिन्याकडे पाहिलं. मांडवाच्या झालरीखालून वळणावरची पायरी दिसत होती, आणि तिच्यावर दोन पावलं. अनवाणी. खालीही येत नव्हती, वरही जात नव्हती.

"कोन भाव..." आत्या तिसऱ्यांदा.

भामा उंबऱ्यात गेली. केतनला तिनं दंडाला धरून हलकेच बाजूला केलं, आडवं आलेलं स्टूल सरकवावं तसं. पदराला हात पुसले. हात ओले नव्हते.

"जुलेखा, तो पुन्याला नाय," ती म्हणाली. "वर हाय. घरातच हाय."

"ए भामे!" महादेव.

दीपेश खुर्चीतून उठला. "काकी, काय बोलताय? केस चालूये. एवढी माणसं बसलीत. गप्प बसा."

भामा वळली. बाजारात वजनात मारणाऱ्या कोळणीकडे बघायची, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"संध्याकाली तू माईक लावून सांगनार व्हतास ना, दीपेश? तवा केस नसते का? तुजं ऐकून लोक टाल्या वाजवतील आनि माजं ऐकून आत टाकतील, हां? टाकू दे. मी जाईन डबा घेऊन, मना रस्ता म्हाईत हाय." तिनं पोराच्या हातातल्या त्या कापडात गुंडाळलेल्या लांबोडक्याकडे बोट दाखवलं. "पन तुजी तलवार त्याच्या हातात नको."

गोदूआत्या गायची थांबली होती. तिला शब्द ऐकू आले नसतील, पण सगळ्यांची तोंडं दिसत होती.

भामा पुन्हा जुलेखासमोर उभी राहिली. दोघींच्या मध्ये फक्त ती टोपली.

"राखंत बसून मी ज्याच्या आयशीला शिव्या घातल्या ना गो," भामा म्हणाली, "ती मीच. तुजं दुकान माज्या प्रितमनं जाललं."